बॉनेटखालचा रंग

आमच्या घरमालकांनी मला वरची खोली दिली ती माझा डबा पाहून. अकोल्याच्या एका कॉलेजात मी नव्यानं शिकवायला लागले होते. घर अमरावतीला, रोजचं जाणं-येणं झेपेना, म्हणून खोली शोधत उन्हातान्हात फिरत होते. घरमालक लोक काय काय विचारतात ते एव्हाना मला पाठ झालं होतं. लग्न झालंय का, नवरा काय करतो, अंडी खाता का. या गृहस्थांनी यातलं काहीच विचारलं नाही. माझ्या पिशवीतून डोकावणारा स्टीलचा डबा मागून घेतला, झाकण काढलं, झाकणातलं रबर नखानं उचललं आणि त्याखालची खाच उजेडाकडे धरून पाहिली. मग डबा परत देत म्हणाले, "ठीक हाय. सामान आना."

"आणि मळ निघाला असता तर?" मी चिडूनच विचारलं.

"त मंग खोली कालच गेली म्हनलं असतं."

आता मी कायमची अमरावतीला परत आले आहे, तरी डबा घासताना ते रबर काढून घासते. नवरा हसतो. हसू दे.

सगळी गल्ली त्यांना काकाजी म्हणायची, मीही तेच म्हणू लागले. एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते फोरमन होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. उंच, वाळकी मूर्ती, कानात केसांचे झुबके, घरात कायम हाफ पँट आणि उलटा घातलेला बनियन. शिवण अंगाला लागू नये म्हणून उलटा. त्यांचं एकच म्हणणं होतं, आणि ते दिवसातून कितीदा तरी ऐकावं लागे. "वरून त कोनीबी चमकते." त्यामुळे वरची बाजू चमकवायच्या भानगडीत ते पडतच नसत. घराच्या बाहेरच्या भिंतींचे पोपडे पडलेले, फाटकाला गंज. पण गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत स्वतः उतरून ती आतून अशी घासायचे की तिच्यात जेवायला बसावं. बूट आतून पुसायचे. कुणाच्या घरी गेले की फ्रिजच्या मागे डोकावून यायचे आणि मग चहा घ्यायचा की नाही ते ठरवायचे.

माझ्या धाकट्या भावाच्या साक्षगंधाला मी काकाजी आणि काकू दोघांना अमरावतीला बोलावलं होतं. माझ्या आईनं स्टेजमागे फुलांचा पडदा करून घेतला होता, आल्या-गेल्याला तो ती हौसेनं दाखवत होती. काकाजी पडद्यामागे गेले, बराच वेळ तिथेच राहिले, आणि मान हलवत बाहेर आले. "मांगून निरा थर्माकोल हाय," ते माझ्या आईला म्हणाले. "अमरावतीचे लोक पयलेपासून असेच." आई त्यानंतर दोन्ही दिवाळ्यांना मला विचारत होती, तो तुझा खडूस घरमालक कसा आहे म्हणून.

काकूंनी या स्वभावाचा पहिला झटका लग्नाआधीच खाल्ला होता. मुलगी पाहायला मंडळी आली तेव्हा काकूंनी भरतकाम केलेला टेबलक्लॉथ समोर ठेवला होता. मोर, वेली, सगळं होतं. सगळ्यांनी वा वा केलं. नवरदेवानं तो उचलला आणि उलटा करून पाहिला. "मांगं सगळ्या गाठीच गाठी," काकू मला सांगायच्या. "माया बाबाले असा राग आला का विचारू नको. मी म्हनलं, पाहून घ्या, पाहून घ्या. गाठी पाहून बी हो म्हनलं त्याइनं, मंग मी बी म्हनलं हो." हे सांगताना त्यांना लाजायला होई, त्या वयातही.

त्यांच्या अंगणाच्या एका बाजूला टिनाची शेड होती आणि तिच्यात फिक्या आकाशी रंगाची अॅम्बॅसॅडर. जिनिंगच्या मालकानं नवी गाडी घेतली तेव्हा जुनी ही काकाजींनी घेतली होती. बाहेरून तिची दशा घरासारखीच. दारं चेपलेली, टपाचा रंग उन्हानं पिठूळ झालेला, काचेवरच्या धुळीत गल्लीतल्या पोरांनी काय काय लिहून ठेवलेलं. पण दर रविवारी बॉनेट उघडून काकाजी तिच्या आत डोकं घालून बसत आणि रॉकेलच्या फडक्यानं एकेक नळी पुसत.

गाडीवरून त्या घरात रोज भांडण होई. माझी सकाळ त्यावर उठायची.

"अवो, माई बालटी कुठं हाय?"

"शेडमंधी हाय."

"मी सडा कशानं टाकू? त्या डबड्याचं पोट धुवाले माईच बालटी सापडते काय तुमाले?"

"डबडं म्हनू नको. तुया बहिनीच्या लग्नाले याच डबड्यात मिरवत गेली होती."

"मिरवत! बोरगावजवळ ढकलाले लावली होती मले. शालू नेसून ढकलली मी!"

तिथून मग ते सगळं निघायचं. कोणत्या साली कुठे पंक्चर झालं, कुणाच्या बारशाला उशीर झाला, पेट्रोल कुणी टाकायचं विसरलं. सुरुवातीला मी कानांत बोळे घालायची. पुढे पुढे ते ऐकल्याशिवाय चहाला चव लागेना.

हे असंच चाललं असतं, पण काकूंचे गुडघे पार गेले. त्या घराचं संडास-न्हाणी मागच्या अंगणात, तीन उंच पायऱ्या उतरून. पावसाळ्यात तिथल्या फरशीवर शेवाळ धरायचं. पुण्याला असणाऱ्या त्यांच्या मुलानं येऊन सगळं मोजलं-मापलं आणि सांगितलं, गाडीची शेड पाडून तिथे घराला लागून खोली काढायची, खोलीतच कमोड, एक पायरीसुद्धा नाही. दुसरीकडे जागाच नव्हती. म्हणजे गाडी विकायला हवी होती. मुलगा हे बोलला आणि वडिलांकडे पाहायचं टाळत उभा राहिला. मीही जिन्यावर थबकले होते, आता काय फुटतं ते ऐकायला.

काकाजी लगेच हो म्हणाले. "विकू. बाईचे गुडघे पयले. पन घेनारानं बॉनेट उघडलं आन् तोंड वाकडं केलं, असं नाही झालं पायजे. आतून रंग देतो, मंग विकतो. तू गिऱ्हाईक पाहून ठेव."

मुलगा खूश होऊन पुण्याला गेला. त्याला वाटलं आठवड्याभराचं काम.

काकाजींनी ओळखीच्या दोघा मेकॅनिकांना बोलावलं, शेडच्या आडव्या लोखंडाला वजन उचलायची चेनकुप्पी बांधली आणि इंजिन वर उचलून बाहेर काढलं. ते ठेवायचं कुठे? घराच्या पुढच्या छपरीत, एका जुन्या टायरवर. वर काकूंचं फाटकं लुगडं पांघरलेलं. दारातून आत येणाऱ्या माणसाला आधी तेच दिसायचं. एका पाहुणीनं दचकून विचारलं, हे कोण बसलंय? काकू म्हणाल्या, "याइच्या माहेरचं मानूस हाय." मग एकेक करून सगळं सुटं झालं. रेडिएटर, बॅटरी, कार्बोरेटर. प्रत्येक वायरच्या टोकाला काकूंच्या लुगड्याची वेगळ्या रंगाची चिंधी बांधली, म्हणजे जोडताना चूक नको. रिकाम्या झालेल्या त्या खोबणीत काकाजी बैठक मारून बसत, अक्षरशः आत, आणि तारेच्या ब्रशनं वर्षानुवर्षांचं काळं ग्रीस खरवडत. एका क्लॅम्पखाली मूळ रंगाचा रुपयाएवढा तुकडा सापडला, कंपनीतून निघाला तसा कोवळा आकाशी. त्या दिवशी त्यांनी मला वरून हाक मारून खाली बोलावलं आणि तो दाखवला. त्यांचा चेहरा एवढा उजळलेला मी तोवर पाहिला नव्हता.

तो तुकडा जपत त्यांनी तसाच रंग बनवून आणला. पॉलिश पेपरनं पत्रा घासला, रेड ऑक्साइडचा हात मारला, तो सुकल्यावर ब्रशनं आकाशी रंग दिला. बॉनेटखालची ती जागा अशी काही दिसायला लागली की मीसुद्धा जाता-येता डोकावू लागले.

आता त्या घरातली एक रीत सांगायला हवी. कोणतीही नवी वस्तू आली, कोणतंही काम पुरं झालं, की काकू त्याला हळदकुंकू लावत. मिक्सरला लावलं होतं. माझ्या स्कूटीला लावलं होतं. सिलिंडर बदलला की त्यालाही. रंग देऊन झाला, दुसऱ्या दिवशी सकाळी काकू आंघोळ करून वाटी घेऊन शेडमध्ये गेल्या आणि मागच्या उभ्या पत्र्यावर मधोमध कुंकू टेकवलं. रंग वरून सुकला होता, आतून कच्चा. अंगठा आत रुतला.

काकाजींनी जो आरडाओरडा केला तो ऐकून समोरच्या घरातली माणसं गॅलरीत आली. डाग तेवढा पुसून वर रंग द्यायला काय हरकत होती? पण नाही. "ठिगय नाही लावत मी." सगळा पत्रा पुन्हा खरवडला.

दुसऱ्यांदा रंग झाला. पुन्हा अंगठा उमटला. काकू म्हणाल्या, मले वाटलं सुकला. तिसऱ्यांदाही तेच. मुलाचे फोन यायचे, काकाजी म्हणायचे, "तुया मायले विचार." मे महिना होता. अकोल्याच्या मे महिन्यात सकाळी घातलेले पापड दुपारी मोडतात, आणि काकाजींचा रंग काही सुकेना. मला हे जरा चमत्कारिक वाटायला लागलं होतं, पण कारण सापडेना, तेव्हा मी आपली पेपर तपासत बसले होते.

एका दुपारी कॉलेजातून लवकर आले. छपरीत इंजिनाशेजारी काकाजी चटईवर घोरत होते. शेडमध्ये काकू मडगार्डला धरून उभ्या होत्या. त्यांनी आधी कोपऱ्यात करंगळी टेकवून पाहिली. मग मागच्या पत्र्यावर मधोमध अंगठा ठेवून चांगला दाबला. आणि त्या खड्ड्यात, अगदी शेवटी, चिमूटभर कुंकू भरलं.

"काकू!"

"बोंबलू नको व. उठतीन ते."

"हे तुमी मुद्दाम करून राहिल्या?"

त्या बॅटरीच्या रिकाम्या खोक्यावर हळूच बसल्या. गुडघे कटकन वाजले. "तुले काय वाटते, मले या डबड्याची माया हाय? अवं, गाडी घरी आली तवापासून आमी दोघं तिच्यावरूनच बोलतो. बालटी काहून नेली, पेट्रोल काहून नाही टाकलं, मले न्यायले काहून नाही आले. दुसरं बोलनं आमाले येतच नाही. गाडी गेली का हे तिकडल्या खुर्चीवर बसतीन, मी इकडल्या खुर्चीवर. मंग आमी काय बोलाचं, तू सांग. शिकलेली हायेस ना?"

"आणि गुडघे?"

"गुडघ्याले डॉक्टरची गोई हाय. याइले सांगू नको."

मला फार वाईट वाटलं. खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. माझा नवरा अमरावतीत, मी अकोल्यात, आणि आमचं बोलणं म्हणजे जेवलीस का, जेवलो.

पण त्या मागच्या पायऱ्या मला दिसत होत्या. पाऊस तोंडावर आला होता. शेवटी एके दिवशी मी काकाजींना आडून सुचवलं. ते नव्या हातासाठी रंग ढवळत होते.

"काकाजी, रंग सुकेपर्यंत शेडचं दार लावून ठेवत जा. कोणी हात लावते."

"कोनी म्हंजे?" त्यांनी मान वर केली नाही.

मी खाली पडलेलं झाकण उचलून डब्याशेजारी ठेवलं.

"तिच्या अंगठ्यावर गवत कापतानी इया लागल्याचा जुना वन हाय," ते म्हणाले. "रंगात आडवी रेघ उमटते. मी ओयखत नाही का?" मग त्यांनी डब्याच्या मागून एक बाटली काढली आणि रंगात धार सोडली. वास आला तेव्हा कळलं, जवसाचं तेल. "पयल्या खेपेले चमक यावी म्हनून टाकलं होतं. तेल पडलं का रंग सुकाले लय दिवस घेते, हे ध्यानातच नाही राह्यलं. तिचा अंगठा रुतला आन् मी एवढा बोंबललो. मंग रातच्याले मनात आलं, बरं झालं. तवापासून जरा जास्तच टाकतो."

"म्हणजे तुम्हालाही गाडी जायला नको आहे."

"गाडीचं काय घेऊन बसली, मास्तरीनबाई? गाडी जाईन. पन ती रोज वाटी घेऊन, लंगडत लंगडत माया कामापाशी येते. पयले कदी आली होती काय?" त्यांनी ब्रश डब्याच्या कडेला निपटला. "तिले सांगू नका."

घ्या! खाली एकानं सांगितलेलं दुसऱ्याला सांगायचं नाही, दुसऱ्यानं सांगितलेलं पहिल्याला नाही. मी वरच्या मजल्यावर दोघांची गुपितं घेऊन बसले. दुसऱ्यांच्या फ्रिजमागे डोकावणारा हा माणूस स्वतः आतून एवढा लबाड असेल, असं डबा दाखवताना वाटलं नव्हतं.

पाऊस लागला आणि व्हायचं तेच झालं. एके सकाळी मागच्या फरशीवरून काकू घसरल्या. डावं मनगट मोडलं. आम्ही रिक्षातून दवाखान्यात नेलं, पलस्तर घातलं. डॉक्टर म्हणाले, हातावर निभावलं, खुबा मोडला असता तर अवघड होतं. घरी आल्यावर काकाजींनी काकूंना पलंगावर बसवलं, चहा स्वतः केला, भयंकर झाला होता, आणि शेडमध्ये जाऊन त्या खोबणीत बसून राहिले. पाऊस टिनावर वाजत होता. मी खिचडी घेऊन गेले तर म्हणाले, "तिले द्या पयले."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी पत्रा पुन्हा खरवडायला घेतला. या वेळी घाई होती. रेड ऑक्साइड, मग आकाशी. एक हात, दोन हात. पाऊस उघडला की शेडचं दार उघडं, झड आली की बंद. भांडण नाही, आरडाओरडा नाही. काकू पलंगावरून विचारायच्या, "झाला काय?" ते म्हणायचे, "होते."

रंग होऊन काही दिवस गेले. ऊन पडलं. एका सकाळी काकू पलस्तरचा हात गळ्यात अडकवून, उजव्या हातानं भिंत धरत शेडमध्ये गेल्या. मी जिन्यावरून कॉलेजला निघाले होते, तिथेच थांबले. काकाजी शेडच्या दारात उभे होते. त्या दुपारसारखं झोपेचं सोंग आज त्यांनी घेतलं नव्हतं.

काकूंनी अंगठा टेकवला. दाबला. मग अंगाचा भार टाकून दाबला. अंगठा उचलला तर पत्र्यावर काहीच नव्हतं. त्यांनी वाकून पत्र्याजवळ नाक नेलं, वास घेतला, आणि तशाच वाकलेल्या राहिल्या.

"या खेपेले तेल नाही टाकलं तुमी," त्या म्हणाल्या.

म्हणजे त्यांना ठाऊक होतं! स्वतःच्या स्वयंपाकघरातली जवसाच्या तेलाची बाटली कोण रिकामी करतंय ते बाईला कळणार नाही, असं काकाजींना वाटलं होतं, आणि मलाही.

"नाही टाकलं."

"काहून?"

"तुया हातात पलस्तर हाय म्हनून."

काकू सरळ झाल्या. पदरानं अंगठा पुसत म्हणाल्या, "चांगला झाला रंग." मग घरात गेल्या, वाटी आणली आणि त्या सुकलेल्या आकाशी पत्र्यावर हळदकुंकू लावलं. ते जिथं लावलं तिथं वरच्यावर राहिलं. त्या दिवशी मी कॉलेजला गेले खरी, पण वर्गात काय शिकवलं ते आठवत नाही.

मेकॅनिक आले, इंजिन परत आत बसलं, चिंध्या सुटून वायरी जुळल्या. तेल्हाऱ्याकडचा एक माणूस गाडी घ्यायला आला. त्याला जुन्या गाड्यांचा नाद होता. त्यानं बाहेरची चेपलेली दारं पाहून तोंड वाकडं केलं, मग बॉनेट उघडलं, आणि वाकून पाहतच राहिला.

"काकाजी, हे काय करून ठेवलं तुमी? काल कंपनीतून निघाल्यावानी दिसते."

"खालून बी पाहून घ्या," काकाजी म्हणाले, आणि नेहमीसारखे समजावून सांगायला पुढे झाले नाहीत. काकूंनी शेडमधली बालदी उचलून घेतली. गाडी फाटकातून निघाली तेव्हा दोघंही तिच्या मागे गेले नाहीत. धूर विरेपर्यंत मीच फाटकाशी उभी होते.

त्या संध्याकाळी मी वर पेपर घेऊन बसले. खालून काहीच आवाज येत नव्हता. कपबशी ठेवल्याचा आवाज आला. खुर्ची सरकली. मग पुन्हा काही नाही. एवढी शांतता मला त्या घरात मिळाली नव्हती, आणि माझा एक पेपर तपासून होईना. कितीतरी वेळ मी कान देऊन बसले, आता कोणीतरी काहून म्हणेल, आता म्हणेल.

जिन्याखालून काकूंची हाक आली. "अवं माय, हायेस का वर?"

मी धावत कठड्याशी आले. "काय झालं, काकू?"

"काई नाही झालं." त्यांनी एका हातानं जिन्याचा खांब धरला होता. मागे छपरीत काकाजी खुर्चीवर हात मांडीवर ठेवून बसले होते, शेजारची खुर्ची रिकामी होती. "खाली ये ना जरा. आमच्यापाशी बस. आमी दोघंच हाओ."